पहिल्या धारेचा डॉक्टर

माझ्या नोकरीची सुरुवात मी एका अख्ख्या गावाला दारूचा सल्ला देऊन केली. तीही मोठ्यांसाठी नाही, नुकत्याच जन्मलेल्या बाळांसाठी.

निलंगा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रावर मी नवा डॉक्टर म्हणून रुजू झालो होतो. मिशी नवी, लग्न नवं, स्टेथोस्कोप नवा. जुनी होती ती फक्त सरकारी जीप. कॉलेजातल्या एका मॅडमनी आमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली होती. बाळ जन्मलं, रडलं, की त्याला कोरडं पुसायचं आणि आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं. वरून दोघांवर मिळून पांघरूण. मध्ये दुपटं नाही, कापड नाही, कातडीला कातडी. आणि पहिल्या तासाभरातच अंगावर पाजायला घ्यायचं. सुरुवातीचं ते घट्ट पिवळसर दूध बाळाच्या पोटात गेलंच पाहिजे. आमच्या भागात बायका नेमकं तेच पिळून मोरीत टाकायच्या, आणि लेकराला गुळाच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा चोखायला द्यायच्या.

तर हे सगळं समजावून सांगायला देवळाच्या मंडपात सभा ठेवली. आमच्या नर्स ताहेरा सिस्टर, औशाच्या, जीपमध्येच म्हणाल्या, "साहेब, तेवढं चीक म्हणू नका हां. चीक म्हशीचा असतो. मागचे साहेब चीक म्हटले, तर एक सासू उठून उभी राहिली, माझी सून काय म्हैस हाय का म्हणून. मीटिंग तिथंच बरखास्त."

मी म्हटलं, ठीक आहे. नाही म्हणत.

मंडपात बायका मागं भिंतीला टेकून, आणि ज्यांचा या विषयाशी काडीचा संबंध नाही ते पुरुष पुढं मांडी घालून. मी रंगात आलो. बोलता बोलता चीक हा शब्द थेट ओठावर आला. तो गिळला, आणि त्याच्या जागी दुसरा शोधायच्या घाईत हात वर करून गरजलो, "लेकरू जन्मलं की अजिबात वेळ घालवू नका. त्याला लगेच पहिल्या धारेचं पाजा!"

काही सज्जन वाचकांना कळलं नसेल. आमच्याकडं पहिल्या धारेची म्हणजे हातभट्टीची. भट्टीतून सगळ्यांत आधी टपकलेली, काडी लावली तर पेटणारी.

मग पुढं बसलेला एक म्हातारा अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, "सायेब, पहिल्या धारेची लेकराला? हितं मोठ्याला पुरंना की वो!"

त्या दिवसापासून मी पहिल्या धारेचा डॉक्टर. एसटीचा कंडक्टर मला बघून घंटी मारायच्या आधी "या, पहिल्या धारेचे!" म्हणायचा. घरी येऊन शैलाला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं, तर तिला हसू आवरेना. पोळी तव्यावर करपली. मी रागावून म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे? तर ती दुसरी पोळी टाकायचं सोडून आणखी हसली.

पण एक सांगतो, आणि हे मी छातीठोक सांगतो. माझं शुद्ध भाषेतलं एकही व्याख्यान त्या भागात कुणाच्या लक्षात राहिलं नाही. हे राहिलं. विहिरीवर बायका एकमेकींना विचारायच्या, "काय गं, लेकीनं पहिल्या धारेचं पाजलं का न्हाई?" हसायच्या आणि पाजायच्या. माझी अब्रू गेली, दूध वाया जायचं थांबलं. मला तो सौदा आजही मान्य आहे.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना खरं वाटत नाही, म्हणून जरा धंद्याचं सांगतो. नुकतं जन्मलेलं लेकरू आईच्या छातीवर ठेवून मोठ्या माणसांनी गप्प बसायचं असतं. बहुतेकांना जमत नाही ते एवढंच. लेकरू आधी निपचित पडतं. मग हात चोखतं. मग पायांनी रेटा देत, थांबत, विसावत वर सरकायला लागतं. नाक घासत घासत बरोबर जागेवर पोचतं आणि तोंड उघडतं. त्याला रस्ता कुणी शिकवलेला नसतो. आईच्या अंगाची ऊब त्याला पुरते, आणि त्याच्या ओढण्यानं आईला पान्हा फुटतो. आधी ओढणं, मग दूध. लोकांना हे उलटं वाटतं. आधी दूध येऊ द्या, मग पाजू, म्हणतात. म्हणजे आधी पोहायला येऊ द्या, मग पाण्यात उतरू. आपल्या भाषेला हे कळत होतं हो. आपण लेकरू 'अंगावर पितं' म्हणतो. नुसतं पितं नाही, अंगावर पितं. त्या 'अंगावर'साठीच मी जन्मभर भांडलो.

मग भूकंप झाला.

त्यावर मी लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना ते वाचणं सोसणार नाही, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना माझ्यानं सांगवणार नाही. मी पत्र्याच्या शेडांपासून सुरू करतो.

थंडी पडायला लागली होती. गावंच्या गावं पत्र्याखाली राहत होती. दिवसा पत्रा तापायचा, संध्याकाळी गार पडायचा. मदतीचे ट्रक यायचे. देणाऱ्यांचं मन मोठं होतं, पण ट्रक भरताना त्यांना आमचं गाव दिसत नव्हतं. एका गठ्ठ्यातून नुसते टाय निघाले. एकानं त्यांतल्या दोन टायांची गाठ मारून म्हैस बांधली. आणि एका ट्रकातून उतरले दूध पावडरचे डबे आणि प्लास्टिकच्या बाटल्या. डब्यावर गुबगुबीत, गोरं, हसरं बाळ.

ते डबे मी कोठीत ठेवून कुलूप लावलं.

कारण साधं होतं. पाणी टँकरचं, ठेवायचं पिंपात. बाटली उकळायला पातेलं नाही, पातेलं मिळालं तर सरपण नाही. त्या पाण्यात कालवलेली पावडर त्या बाटलीतून पाजायची म्हणजे ज्या लेकराला भूकंपानं सोडलं त्याला हगवणीनं न्यायचं. बरं, एकदा बाटली लागली की लेकरू ओढायचं सोडतं, ओढणं थांबलं की आईचं दूध आटतं, आणि तोवर डबे संपलेले असतात. माझं डब्याशी वैर नव्हतं. एका लेकराची आई दगडामातीखाली गेली होती, त्याच्यासाठी मी स्वतः डबा फोडला आणि त्याच्या आत्याला वाटी-चमच्यानं पाजायला शिकवलं. ज्याला आई नाही त्याला डबा. ज्याला आई आहे त्याला आई. एवढंच माझं धोरण होतं, आणि ते कुणालाही पटत नव्हतं.

वरचे साहेब आले. सोबत फोटोग्राफर.

"डबे वाटले का नाहीत?"

"साहेब, आधी पाणी उकळायची सोय वाटा, मग डबे वाटतो."

"लोकांनी प्रेमानं पाठवलंय. लेकरं उपाशी ठेवून तुम्ही पुस्तकं वाचताय?"

"लेकरं उपाशी नाहीत. अंगावर पितायत."

"मेमो काढीन."

"काढा साहेब. शेकोटीला कागद मिळेना झालाय."

हे वाक्य मी खरोखर बोललो. बोलून झाल्यावर कोठीची किल्ली टेबलावरून उचलून खिशात टाकली.

आणि त्याच आठवड्यात शेडातली कमल नावाची बाई बाळंत झाली. दिवस भरायच्या आधीच. सकाळची वेळ, आठ-दहा बायका दाराला, शेडमध्ये ताहेरा सिस्टर आणि मी. कमलची पहिली पोर, चालायला लागलेली पण अजून अंगावर पिणारी, भूकंपात गेली होती. आणि आता हा मुलगा. एवढासा. ओंजळीत मावला. रडला तेही मांजराच्या पिलासारखं.

लातूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला जीप नव्हती, ती दुसरीकडं गेलेली. काचेची पेटी तर नावालाही नव्हती. होती फक्त आई.

आई पत्र्याकडं तोंड करून पडली होती. "मला नका दाऊ त्येला. ह्ये बी जाणार हाय. नका दाऊ."

सासू माझ्यावर आली. "डाक्टर, दुखाचं दूध हाय तिचं. झुरून झुरून जहर झालंय. पाजलं तर लेकरू बाधंल. डबा काढा!"

दारातून आवाज आला, "डबं कुलपात घालून बसलाय. ह्येच्या बापानं पाठिवलेत का?"

ताहेरा सिस्टरनी कुणाला विचारलं नाही. लेकरू पुसलं, कमलच्या खांद्याला धरून तिला उताणी केली, चोळी सोडली आणि ते कातडीचं गाठोडं तिच्या छातीवर ठेवून वरून गोधडी ओढली. "धर, माय. सांडंल," एवढंच म्हणाल्या. कमलनं डोळे मिटलेलेच ठेवले. पण हात आला. सांडंल म्हटल्यावर कुठल्या आईचा हात येणार नाही?

माझं काम काय, तर पाठ फिरवून उभं राहायचं आणि सासूशी भांडायचं. ते मी मन लावून केलं.

पण दूध येईना. लेकरू दोनदा ओढायचं आणि दमून झोपायचं. सिस्टर थेंब थेंब वाटीत पिळून चमच्यानं द्यायच्या. मी दर थोड्या वेळानं त्याच्या तळपायाला हात लावून बघायचो, गार पडले का. खिशात कोठीची किल्ली होती. ती मला टोचत होती. हे लेकरू गेलं असतं आणि डबे कुलपात राहिले असते, तर लोकांनी मला तिथंच तुडवला असता, आणि मला त्यांना चूक म्हणता आलं नसतं.

कमलला अंग धुवायला, जेवायला उठावं लागायचं. तेवढा वेळ लेकरू खाली ठेवायचं कुठं? मी तिच्या नवऱ्याला, दत्तूला, बोलावलं.

"दत्तू, सदरा काढ."

"का वो?"

"काढ म्हणतो ना. बनियनबी काढ."

दत्तू उघडा बसला. त्याच्या छातीवर लेकरू ठेवून मी घोंगडं गुंडाळलं. झालं! सगळ्या रांगेतले बाप्ये गोळा झाले. "आरं, दत्तू पान्हावला की रं!" "दत्तू, आमाला बी ऱ्हाऊ दे वाटीभर!" भूकंपानंतर त्या शेडांत मी पहिल्यांदा हसणं ऐकलं. दत्तू आधी लाजला, मग चिडला, मग त्यानं लेकराच्या पाठीवर हात ठेवला. जरा वेळानं माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "डाक्टर, ह्येचं काळीज माझ्या अंगावर वाजायलंय."

त्यानंतर त्यानं कुणाच्या हसण्याकडं लक्ष दिलं नाही.

असंच काही दिवस. छाती आईची, छाती बापाची, मध्ये वाटी-चमचा. एका दुपारी मी बाहेर खाटेवर कुणाची तरी जखम बांधत होतो आणि आतून कमलचा आवाज आला, "सिस्टर, ओढायलंय वो! ह्ये ओढायलंय!" मग ती रडायला लागली. आतापर्यंत ती रडलीच नव्हती, नुसती पत्र्याकडं बघत पडलेली. ती मोठमोठ्यानं रडली, गेलेल्या पोरीचं नाव घेऊन. सिस्टर बाहेर आल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "चोळी भिजली साहेब, दोन्हीकडनं."

मी किल्ली खिशातून काढून सिस्टरकडं दिली. ती टोचायची थांबली होती.

मेमो आलाच. मागोमाग बदली, नांदेड जिल्ह्यात, पार माहूरकडं. शैलानं ट्रंक भरताना एवढंच म्हटलं, "बरं झालं, देवीचं दर्शन तरी घडेल." निघायच्या दिवशी दत्तू लेकराला दाखवायला घेऊन आला. पत्र्याच्या शेडात जन्मला म्हणून सगळे त्याला पत्र्या म्हणायचे. गाल भरायला लागला होता. त्या गालाला मी माझं पदक समजलो, आणि पुढं कित्येक वर्षं लोकांना ही गोष्ट सांगत फिरलो. माझ्या पोरांना तर ती इतकी पाठ झाली, की मी "थंडी पडायला लागली होती" म्हटलं की ती उठून जायची.

पुढं मी लहान मुलांचा डॉक्टर झालो, नांदेडला स्थायिक झालो, आणि एका खासगी बाळंतपणाच्या दवाखान्यात जाऊ लागलो. तोवर लातूर आणि नांदेड ही दोन्ही गावं क्लासेसची झाली होती. भिंत दिसेना, सगळीकडं फ्लेक्स. फ्लेक्सवर सर. कोट घातलेले, हाताची घडी घातलेले सर. गल्लोगल्ली खोल्या, मेस, आणि पोरासाठी गाव सोडून येऊन स्वयंपाक करणाऱ्या आया. एका बापानं मला ओल्या बाळंतिणीसमोर विचारलं, "डॉक्टर, मेंदूसाठी कोणतं दूध चांगलं राहते? पुढं नीट काढायची आहे याला." मी म्हटलं, आधी त्याला नीट पिऊ द्या.

आमच्या दवाखान्याची एक रीत होती. सिझेरियन झालं की बाळ थेट बेबी रूममध्ये, गुलाबी टोपरं घालून. तिथं पहिलं दूध डब्याचं. आई दोन-चार तासांनी. मी कुरकुरायचो, मालक डॉक्टर म्हणायचे, "तुमचं बरोबर आहे, पण स्टाफ कुठाय?" आणि विषय संपायचा.

एक दिवस पूजा नावाची मुलगी दाखल झाली. माहेर नांदेडचं, नवरा लातूरचा. नवरा म्हणजे साक्षात फ्लेक्सवरचे सर, फिजिक्सवाले प्रशांत सर. वय लहान, फ्लेक्स मोठा. कोट, टाय, सगळं तसंच. मालक डॉक्टर स्वतः पायऱ्या उतरून त्यांना घ्यायला गेले. मागोमाग सासूबाई आल्या, काठपदर, सोन्याच्या बांगड्या, आणि हातात भली मोठी पिशवी. पिशवीतून डबे डोकावत होते. डब्यावर तेच ते गुबगुबीत बाळ. एवढ्या वर्षांत त्याचं वय वाढलं नव्हतं.

बाईंनी मला न्याहाळलं. "पहिल्या धारेचे डाक्टर न्हवं का तुमी?"

ती कमल होती. आणि ते सर म्हणजे पत्र्या!

मला काय झालं ते सांगता येत नाही. माझं पदक कोट घालून समोर उभं होतं. मी म्हटलं, "कमलबाई, आता नातवंडालाही तसंच छातीवर ठेवू!"

"न्हाई," कमल म्हणाली. "नातवंडाला डबा. तवा तुमी कुलूप लावलं न्हवं? गरिबाचं लेकरू म्हून. आता आमाला काय कमी हाय?"

इतकी वर्षं मी जी गोष्ट ऐटीत सांगत आलो, ती तिच्या घरी अशी सांगितली जात होती.

मी म्हटलं, "अहो, गरीब म्हणून नाही..."

"ऐका. मी शेण काढत पाजलं, खुरपत पाजलं. माझी सून स्पर्धा परीक्षा द्यायलीय. तिच्या हातात पुस्तक ऱ्हायला पायजे. लेकरू डब्यावर ऱ्हाईल, सून पुस्तकावर. तुमचा काळ गेला, डाक्टर."

त्यात चूक काय होतं? सासू सुनेच्या पुस्तकासाठी भांडत होती. आमच्या भागात हे ऐकायला मिळावं म्हणून मी काहीही दिलं असतं. पण लेकराचा पहिला तास परत येत नाही, हेही मला माहीत होतं. मी पूजालाच विचारलं. ती म्हणाली, "सर, मला दोन्ही पाहिजे. बाळबी, पुस्तकबी." मी म्हटलं, मग झालं तर.

सिझेरियनसाठी कमरेत इंजेक्शन दिलेलं, पूजा जागी होती. मुलगी झाली, ठणठणीत रडली. मी पुसली आणि टेबलावरच आईच्या छातीवर पालथी ठेवली. टाके घालता घालता मालक डॉक्टर म्हणाले, "बेबी रूममध्ये न्या. बाहेर सर व्हिडिओसाठी थांबलेत."

"थांबू द्या."

"डॉक्टर, पेशंट कोण आहे माहीत आहे ना?"

"आहे. ही इथं हात चोखतेय, ती."

तेवढ्यात पूजाला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, तिला धरवेना. लेकीला उचलावं लागलं. मालक डॉक्टरांनी दाराकडं बोट दाखवलं. मी दार उघडलं. बाहेर कमल डबा घेऊन, सर मोबाईल घेऊन.

"प्रशांत सर," मी म्हटलं, "शर्ट काढा."

"सर?"

"कोट, टाय, शर्ट, बनियन. आणि त्या खुर्चीत मागं टेकून बसा."

ज्यांच्या आवाजानं शेकडो पोरं गप्प बसतात ते सर गोंधळून आईकडं बघायला लागले. कमल माझ्याकडं बघत होती. तिच्या हातातला डबा हळूहळू खाली आला. मग ती एकदम तोंडाला पदर लावून हसायला लागली. "काढ की रं! बघतोस काय? तुज्या बापाला बी ह्येनी असंच उघडं बसवलं होतं. सारं गाव हसलं. काढ!"

सरांनी काढला. मी लेक छातीवर ठेवली, चादर गुंडाळली. सर आधी लाजले, मग हलायलाही घाबरले. मला वाटलं, आता तेही बापासारखं काळजाचं बोलतील. त्यांनी नुसता लेकीच्या पाठीवर हात ठेवला, अगदी दत्तूनं ठेवला होता तसा.

पूजाची थंडी उतरली तसं आम्ही लेक तिच्याकडं दिली. पाय रेटत, नाक घासत ती पोचली आणि तिनं तोंड उघडलं. कमल पलंगाशी उभी होती. मग सुनेला नाही, मला म्हणाली, "खरं सांगू का, डाक्टर? तवा तुमी डबा दिला असता, तर मी त्येच्याकडं बघितलं बी नसतं. पडून ऱ्हायला असता पत्र्याकडंला. मला माझी पोर पायजे होती." लेकीवरची चादर सारखी करत म्हणाली, "पर डबा दिला न्हाई ह्येचा राग ऱ्हायला तो ऱ्हायलाच."

"राहू द्या," मी म्हटलं. "मला चालेल."

"मग ह्या डब्याचं काय करू?"

"डाळ भरा."

दुसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर पूजा उशीला टेकून बसलेली, लेक छातीवर झोपलेली, आणि लेकीच्या पाठीला टेकवून उघडं पुस्तक. आवाज करू नका, अशी मला सासूचीच खूण.

संध्याकाळी मालक डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि फार गोड आवाजात म्हणाले की, माझं वय झालं, आता मी विश्रांती घ्यावी. मी चहा संपवला. म्हटलं, विश्रांती घेणार नाही, नोकरी सोडतो.

घरी येऊन शैलाला सांगितलं. भूकंपाच्या साली बदली झाली तेव्हा तिनं ट्रंक भरली होती. या वेळी भरायला काही नव्हतं. ती पोळ्या लाटत होती. ऐकून घेतलं, तव्यावरची पोळी उलटली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पहिल्या धारेचीच म्हणायची. इतकी वर्षं झाली, अजून उतरली नाही तुमची."